थेरपिस्ट विचारते, "माझा राग आला होता का?"

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी त्याचा गाभा सांगते. वय एकतीस, आयटीत नोकरी, सहा महिन्यांपासून दर गुरुवारी थेरपी. समोरच्याने आवाज चढवला की तुमची वाचाच बसते. ऑफिसात मॅनेजरपुढे, घरी वडिलांपुढे. थेरपिस्ट उपाय सांगत नाही, गृहपाठ देत नाही, मधूनच विचारते, "आत्ता माझ्यासमोर हे बोलताना काय होतंय?" गेल्या महिन्यात ती बारा मिनिटं उशिरा आली, सेशन मात्र ठरल्या वेळेला संपवलं आणि फी पूर्ण घेतली. तुम्ही "इट्स ओके, मॅम" म्हणालात. पुढच्या गुरुवारी तिने विचारलं, "माझा राग आला होता का?" तुम्ही नाही म्हणालात आणि त्यानंतरची दोन सेशन्स तब्येतीचं कारण सांगून रद्द केलीत. आता विचारताय की दर खेपेला दीड हजार मोजून हिच्याबद्दलच बोलायचं असेल तर माझ्या त्रासाचं काय? आणि ही 'रिलेशनल' पद्धत, म्हणजे थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातल्या नात्यावरच काम करणारी, खरोखर उपचार आहे, की गप्पांना दिलेलं गोंडस नाव?

तिसरं सेशन रद्द करू नका. जा, आणि राग आला होता हे सांगा. बारा मिनिटं ताटकळत बसून समोरच्या खुर्चीला "इट्स ओके" म्हणणं हाच तुमचा त्रास आहे, आणि तो पहिल्यांदाच अशा माणसासमोर घडलाय ज्याचं कामच त्याकडे बघणं आहे. मॅनेजरचा प्रसंग तुम्ही सांगता तेव्हा थेरपिस्टला तो ऐकीव असतो. तुम्ही सांगाल तेवढाच, तुमच्या बाजूने. हा प्रसंग मात्र दोघांनी पाहिलाय. तिने विचारलेला प्रश्न स्वतःचं कौतुक ऐकण्यासाठी नव्हता, किंवा नसावा. तिला मी ओळखत नाही, म्हणून 'नसावा'. त्याकडे शेवटी येते.

मी नाशिकला बावीस वर्षं हे काम करते आहे, आणि सुरुवात या पद्धतीने मुळीच केली नव्हती. आपल्याकडे समुपदेशन शिकणाऱ्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांची मुंज आरईबीटीत झाली. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके सरांमुळे महाराष्ट्रात रुजली, आणि मराठी मनाला ती पटतेही चटकन. तर्क आहे, वाद घालायला वाव आहे, वहीत लिहायला काहीतरी आहे. घटना, त्याबद्दलचा विचार, त्यातून उमटणारी भावना, असे रकाने आखायचे आणि अविवेकी समजुतीला आव्हान द्यायचं. अजूनही वापरते मी. पण एका बाईंनी मला त्या रकान्यांच्या कडेला काय सुटतं ते दाखवलं.

त्यांना मेधाताई म्हणू. तीन-चार जणींच्या हकिकती मिसळून, ओळख पुसून सांगते आहे. बँकेत अधिकारी, वय अडतीस, रात्री झोप नाही, पहाटे धडधड. पाच महिने दर आठवड्याला त्यांचे तक्ते यायचे. पट्टीने आखलेले समास, अविवेकी विचार काळ्या शाईत, विवेकी निळ्या. असा क्लायंट मिळाला की नवशिका समुपदेशक हरखून जातो, तशी मी हरखले होते. झोप सुधारत नव्हती, पण वही इतकी सुंदर होती की ते माझ्या डोळ्यांआड झालं. मग एका मंगळवारी मला सडकून सर्दी झाली होती. मेधाताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बोलू नका, आज मी लवकर आवरते." पंचवीस मिनिटांत उठल्या, पूर्ण फी ठेवली, वर आलं-गवती चहाचा काढा सांगून गेल्या. मला बरं वाटलं. रात्री भांडी विसळताना मात्र डोक्यात प्रकाश पडला: ही बाई घरी, शाखेत, माहेरी जे करते तेच आज माझ्याकडे करून गेली. समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि आपल्या ताटातलं त्याला वाढायचं.

पुढच्या वेळी मी तक्ता उघडलाच नाही. म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही माझी सर्दी सांभाळलीत. मला आवडलं ते. नंतर वाटलं, तुमचा अर्धा तास मी खाल्ला." त्या हसल्या. मग बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसल्या. आणि म्हणाल्या, "खरं सांगू? ते कागद मी सगळे झोपल्यावर, रात्री बारानंतर लिहायचे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

म्हणजे ज्या झोपेसाठी त्या आल्या होत्या, ती माझ्या कौतुकापायी खर्च होत होती आणि मी शाबासकी देत होते. आरईबीटीवाल्यांनी यावर लगेच भांडायला येऊ नये. दोष पद्धतीचा नव्हता, माझ्या आंधळेपणाचा होता, आणि चांगल्या आरईबीटी थेरपिस्टने 'सगळ्यांना मी आवडलेच पाहिजे' ही समजूत नेमकी इथेच पकडली असती. फरक एवढाच की ती समजूत कागदावर सापडत नव्हती, आमच्या दोघींच्या मध्ये पडलेली होती. त्यानंतर वर्षभर आमचं काम त्या जागेवर चाललं. सगळ्यात मोठी घटना कोणती म्हणाल तर सातव्या-आठव्या महिन्यात त्या म्हणाल्या, "पंखा जरा कमी कराल का?" पहिल्या दिवसापासून त्यांना त्या पंख्याखाली थंडी वाजत होती. मला वाटायचं ओढणी लपेटून बसायची त्यांची सवय आहे.

आता तुमच्या 'खरोखर उपचार आहे का' या शंकेकडे. नात्याचं हे प्रकरण कुणी परवा काढलेलं नाही. रुग्ण आपल्या जुन्या नात्यांचे रंग डॉक्टरवर चढवतो हे फ्रॉइडने पाहिलं होतं. ज्या तरुणीच्या केसवर त्याने १९०५मध्ये लिहिलं ती अकरा आठवड्यांत उपचार सोडून गेली, आणि तिचे ते रंग आपण वेळेत ओळखले नाहीत अशी कबुली त्याने त्याच लेखात दिली. पण फ्रॉइडचा डॉक्टर स्वतः कोऱ्या आरशासारखा राहायचा. बुडापेस्टचा शांडोर फेरेंत्सी १९३२मध्ये म्हणाला की आरसा वगैरे काही नसतं. डॉक्टरला आलेला कंटाळा, चीड रुग्णाला बरोबर कळते, आणि डॉक्टर ती नाकारतो तेव्हा रुग्णाचं बालपणच पुन्हा घडतं, जिथे मोठी माणसं चुकायची आणि वर 'काही झालं नाही' म्हणायची. त्याच्या हयातीत ते फारसं कुणाला रुचलं नाही. पुढे १९८३मध्ये जे ग्रीनबर्ग आणि स्टीफन मिचेल या अमेरिकनांनी या वेगवेगळ्या धाग्यांना 'रिलेशनल' हे नाव दिलं. कार्ल रॉजर्स त्या परंपरेतला नव्हे, पण त्याच्या १९५७च्या लेखातल्या सहा अटींपैकी शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि शिकवताना तीच सहसा घाईत उरकली जाते: थेरपिस्टला सहानुभाव वाटून उपयोग नाही, तो थोडा तरी क्लायंटपर्यंत पोचला पाहिजे. तुमच्या बाबतीत पोचलाय का, हे तुम्हीच सांगू शकता, आणि ती तेच विचारत होती.

पुरावा हवा असेल तर २०१८मध्ये २९५ अभ्यास, तीस हजारांहून जास्त क्लायंट, यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. थेरपिस्टशी जुळलेलं नातं आणि उपचाराचा परिणाम यांचा संबंध त्यात सर्व पद्धतींमध्ये दिसला. कुणाला जास्त गुण येतो, कुणाला कमी, या फरकाचा सुमारे आठ टक्के भाग त्या नात्याशी जोडता येतो. आठ टक्के म्हणजे सगळं काही नव्हे, हे आमच्यातले काही उत्साही लोक विसरतात. पण मानसोपचारात इतक्या सातत्याने दिसणाऱ्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या आहेत.

जुळलेलं नातं म्हणजे गोडीगुलाबी मात्र नव्हे. एड ट्रॉनिक या संशोधकाने १९७०च्या दशकात आयांना तान्ह्या बाळापुढे दोनेक मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायला सांगितलं. बाळ हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि काही उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवून बसतं. हा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो. त्याच्याच कामातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते: एरवीच्या प्रेमळ, निरोगी खेळातही आई आणि बाळ एका लयीत जेमतेम एक तृतीयांश वेळ असतात. उरलेला वेळ चुकामूक, आणि ती दुरुस्त करणं. बाळ शिकतं ते या दुरुस्तीतून. न्यू यॉर्कमध्ये जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर मुरान यांनी थेरपीतल्या अशा बेबनावांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या मते बेबनाव दोन तऱ्हांनी दिसतो. एक, क्लायंट भांडतो: "तुमच्याकडे येऊन फायदा काय?" दोन, क्लायंट मागे सरतो: होकार देतो, विषय बदलतो, तब्येतीचं कारण सांगतो. माझ्या खोलीत भांडणारे दहात एक. बाकीचे सगळे तुमच्यासारखे. पाहुण्याला "चहा पुरे" म्हणता न येणारी माणसं आपण, थेरपिस्टला "तू चुकलीस" कुठून म्हणणार?

या पद्धतीची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठीत काम करताना जे पहिल्या मिनिटाला समोर येतं ते त्यांत सापडत नाही. 'यू' म्हणून सुटका नसते, तू की तुम्ही हे ठरवावंच लागतं. मी अठरा वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना तुम्ही म्हणते. एकोणीस वर्षांचा एक मुलगा तिसऱ्या खेपेला कळवळून म्हणाला, "मॅडम, तू म्हणा ना." लगेच म्हणाले असते तर प्रेमळ ठरले असते आणि एक गोष्ट हुकली असती. मी विचारलं, 'तुम्ही' म्हटलं की काय होतं? म्हणाला, "वाटतं, माझं काहीतरी चुकलंय." त्याचे वडील एरवी अरे-तुरे करायचे, संतापले की एकदम "या साहेब, झाली का आपली झोप?" त्याच्या घरात आदराचा शब्द हा आसूड होता. मग तू-तुम्हीच आमचा दोन महिन्यांचा विषय झाला.

'ताई'चंही तसंच. बायका तिसऱ्या-चौथ्या भेटीत मला ताई म्हणू लागतात आणि मी अडवत नाही, पण ताईबरोबर काय काय येतं त्यावर डोळा ठेवते. ताईला राग दाखवायचा नसतो. ताई समजून घेते. ताईची फी थकली तरी ती मागत नाही, आणि मागितली की परकी होते. शिवाय मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत, हे तर आमच्या धंद्याला मिळालेलं वरदानच. "आमच्यात असं कुणी बोलत नाही" या वाक्याने मला दाराबाहेर ठेवलेलं असतं. वर्षभराने तीच व्यक्ती "आपलं मागे बोलणं झालं होतं ना" म्हणते तेव्हा मी चेहऱ्यावर काही दाखवत नाही, पण वहीत तारीख लिहून ठेवते.

आणि तुमचं "इट्स ओके, मॅम" इंग्रजीत होतं. राग, लैंगिक गोष्टी, मृत्यू यांना आपण पटकन इंग्रजीचा हातमोजा घालतो. "आय वॉज अ बिट अपसेट" आणि "मला तुमचा राग आला" ही दोन वाक्यं तोंडात घोळवून बघा, दुसऱ्याला जीभ अडखळेल. जिथे अडखळेल तिथे तुमचे वडील उभे असणार असा माझा अंदाज. अंदाज चुकलाही असेल, ते तुम्ही आणि ती बघाल.

थेरपिस्टच्या मनात काय चालतं तेही या पद्धतीत कामाला येतं, आणि तिथे सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते. मी खाल्ली आहे. एका क्लायंटसमोर मला दर वेळी पेंग यायची. जेवणानंतरची वेळ नव्हती, झोपही पुरेशी होती. मी ते पाचव्याच सेशनला बोलून दाखवलं: "तुम्ही सांगत असता तेव्हा मी तुमच्यापासून लांब जाते असं मला जाणवतं, तुम्हालाही तसं होतं का?" पुस्तकात शोभेल असा प्रश्न. त्या गृहस्थांनी तो असा ऐकला: तुम्ही कंटाळवाणे आहात. ते पुन्हा आले नाहीत, फोनही उचलला नाही. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या केसेस ज्येष्ठांपुढे मांडतो तिथे, माझ्या ज्येष्ठ सहकारी एवढंच म्हणाल्या, "तुझी झोप त्याची होती की तुझी, हे तू तपासलंस कधी?" नव्हतं तपासलं. आता असं काही वाटलं तर मी कित्येक आठवडे ते नुसतं जवळ ठेवते, आणि दहातल्या नऊ वेळा बोलतच नाही. मोकळेपणाच्या नावाखाली क्लायंटच्या पदरात आपलं ओझं टाकणारे थेरपिस्ट मी पाहिले आहेत. ते स्वतःला रिलेशनल म्हणवतात.

फेरेंत्सीही त्या टोकाला गेला होता. एका रुग्णाच्या आग्रहावरून त्याने चक्क अदलाबदल सुरू केली: एक तास तो तिला ऐकणार, एक तास ती त्याला. त्याच्या रोजनिशीत त्याचे फायदेही आहेत आणि ते का टिकत नाही तेही आहे. तेव्हा सीमा हव्यातच, आणि माझ्या बऱ्यापैकी कडक आहेत. लग्नाची पत्रिका घेते, लग्नाला जात नाही. दिवाळीच्या फराळाचा डबा घेते, क्लायंटसमोर एक चकली खाते, रिकामा डबा पुढच्या वेळी परत देते. रिकामा डबा परत देऊ नये असं आपल्याकडे म्हणतात, त्यावरूनही एकदा छान भांडण झालं होतं. भद्रकालीत भाजी घेताना दिसलात तर मी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर हसेन, हे पहिल्याच सेशनला सांगते. नाशिक एवढं मोठं नाही. शारीरिक जवळीक, प्रेमप्रकरण, पैशाचे व्यवहार यांवर चर्चासुद्धा नाही. थेरपिस्टने तसा सूर लावला तर निघून या आणि तक्रार करा.

चंदिगढचे मनोविकारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी १९७३मध्ये लिहिलं होतं की भारतीय रुग्णाला समोर गुरू हवा असतो आणि पाश्चात्त्य पद्धतीने त्या अपेक्षेला रोग समजू नये. अर्धं पटतं. विसंबून राहण्याची लाज वाटायचं कारण नाही, पहिलं वर्ष बरेच जण माझ्यावर टेकूनच चालतात. पण गुरूला "तुम्ही उशिरा आलात" म्हणायची सोय नसते, आणि बुवाबाजीचा इतिहास आपल्याला पुरेसा माहीत आहे. तुम्ही "उपाय सांगत नाही" म्हणता त्यातही थोडं गुरू शोधणं आहे. सगळंच नव्हे, सहा महिन्यांत दिशा काय आहे हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे.

प्रत्येकाला ही पद्धत हवी असं नाही. पुन्हा पुन्हा हात धुण्याचा ओसीडी असेल तर ज्याची भीती त्याला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा सराव आधी, नात्याचा ऊहापोह नंतर. बायपोलर, स्किझोफ्रेनियात औषधं लागतात. घरात मारहाण चालू असेल तर सुरक्षित जागा पहिली. जीव द्यावासा वाटत असेल तर गुरुवारची वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तुमच्या लिहिण्यात यातलं काही दिसलं नाही. मॅनेजरपुढे नेमकं काय बोलायचं याचा सराव हवा असेल तर तिच्याकडे मागा. रिलेशनल थेरपिस्टने तो देऊ नये असा काही नियम नाही, मी रोल-प्ले सर्रास करते.

आता गुरुवारचं. भाषण तयार करून जाऊ नका, तुम्ही ते पाठ करून चुकांशिवाय म्हणाल आणि पुन्हा इट्स ओके होईल. दोन वाक्यं पुरेत: "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. आणि दोन सेशन्स आजारी नव्हतो." मग गप्प बसा आणि तिच्याकडे बघा. ती उशीर झाल्याचं मान्य करते का? तुम्हाला काय वाटलं ते आणखी विचारते का? की ट्रॅफिकचं पुराण सांगते, किंवा "तुमच्या वडिलांवरचा राग माझ्यावर काढताय" असं म्हणून हात झटकते? नात्यावर काम करते म्हणणाऱ्या माणसाने स्वतःची चूक क्लायंटच्या बालपणाच्या खात्यावर टाकणं हा माझ्या लेखी सर्वांत वाईट प्रकार. एकदा घडलं तर तेही बोलून दाखवा. दोन-तीनदा घडलं तर थेरपिस्ट बदला, आणि बदलण्याआधी एक शेवटचं सेशन घेऊन, तोंडावर सांगून बदला. गायब होऊ नका. ते तुम्हाला आधीच येतं.

वेळ वाढवून दिली नाही आणि फी पूर्ण घेतली, हे तुम्ही मला दोनदा लिहिलंय, दुसऱ्यांदा कंसात. तिला एकदाही नाही. बारा मिनिटांच्या पैशांचं काय, हेही गुरुवारी विचारा.